शापवचनांची भाषा : हिब्रू धर्मग्रंथ आणि आरामी शिलालेख

मागील घटकात आपण पाहिले की, काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती उच्चारताच एखादी कृती घडते. 'मी वचन देतो' असे म्हणणे म्हणजेच वचन देणे होय. जे. एल. ऑस्टिन यांनी मांडलेली ही कल्पना तपासून पाहण्यासाठी शापासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. या घटकात आपण सुमारे २,७०० ते २,९०० वर्षांपूर्वीची पश्चिम आशियातील काही शापवचने अभ्यासणार आहोत.

ईशान्य सीरियातील तेल फेखेरिया येथे १९७९ मध्ये काळ्या बसाल्ट दगडाचा एक पुरुषभर उंचीचा पुतळा सापडला. तो हदद-यिथी नावाच्या राज्यकर्त्याचा असून साधारणपणे इसवी सनपूर्व नवव्या शतकातील मानला जातो. पुतळ्यावरील लेख अश्शूरी आणि आरामी अशा दोन भाषांत आहे. गंमत अशी की, अश्शूरी मजकुरात हा गृहस्थ प्रांताधिकारी आहे, तर आरामी मजकुरात राजा! कोणत्या वाचकासमोर आपण कोण आहोत, याचे भान त्याला पुरेपूर होते. लेखाच्या शेवटी आपले नाव पुसून टाकणाऱ्यासाठी शाप आहेत. अशा माणसाने पेरावे, पण त्याच्या हाती पीक येऊ नये. शंभर मेंढ्यांनी एका कोकराला पाजावे, तरी त्याचे पोट भरू नये. शंभर स्त्रियांनी एका भट्टीत भाकरी भाजाव्यात, तरी ती भट्टी भरू नये.

या शापांची घडण नीट पाहा. वीज पडो, हात झडो असे येथे म्हटलेले नाही. माणूस कष्ट करीत राहतो, गुरे दूध देत राहतात, चूल पेटलेली असते. केवळ फळ मिळत नाही. अभ्यासक यांना 'निष्फळतेचे शाप' म्हणतात. शेतकरी समाजाला याहून भयंकर काय वाटणार? व्याकरणाच्या दृष्टीने प्रत्येक शापात दोन उपवाक्ये असतात : पहिल्यात प्रयत्न आणि दुसऱ्यात नकार. या पुतळ्यावरील आरामीत पहिल्या उपवाक्यातील क्रियापदाला इच्छावाचक 'ल-' हा उपसर्ग लागतो, तर दुसऱ्यात निषेधवाचक 'अल' येतो. मराठीत आपण हेच '-आवे' आणि 'नये' यांनी साधतो. वरील वाक्ये पुन्हा वाचून पाहा.

आता हिब्रू धर्मग्रंथाकडे वळू. लेवीय या ग्रंथाच्या २६ व्या अध्यायात हीच भट्टी पुन्हा भेटते. मात्र येथे दहा स्त्रिया एकाच भट्टीत भाकरी भाजतात, ती तोलून वाटली जाते आणि खाऊनही तृप्ती होत नाही. शंभरांच्या जागी दहा आले, इतकाच हा फरक नव्हे. पुतळ्यावर इच्छा व्यक्त झाली आहे, तर लेवीयमध्ये स्वतः देव प्रथमपुरुषात बोलतो. करार मोडल्यास मी असे करीन, असे तो सांगतो. इच्छार्थाचे रूपांतर धमकीत झाले आहे. इराणच्या वायव्येकडील बुकान येथील आरामी लेखात त्या स्त्रिया सात आहेत. या तीन मजकुरांपैकी कोणी कोणाचे उचलले, हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. ओव्यांतील काही चरण जसे गावोगाव फिरतात, तशी ही वाक्ये त्या प्रदेशात फिरत असावीत. जाता जाता एक गोष्ट सांगतो : पुतळ्यावर आणि लेवीयमध्येही भट्टीसाठी 'तन्नूर' हाच शब्द आहे. फारसीमार्गे आपल्याकडे आलेला 'तंदूर' तो हाच.

अलेप्पोजवळील सफीरे येथील इसवी सनपूर्व आठव्या शतकातील शिलांवर अर्पादचा राजा मतिएल याच्याशी झालेला तह कोरलेला आहे. त्यातील शापांना कृतीची जोड होती. जसे हे मेण आगीत जळते तसा मतिएल जळो, जसे हे वासरू कापले जाते तसा तो कापला जावो, अशा अर्थाची वाक्ये तेथे आहेत. 'हे' या दर्शक सर्वनामाकडे लक्ष द्या. कोणी तरी समोर मेण धरलेले असल्याखेरीज ते येणार नाही. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायातही कापलेल्या वासराच्या दोन भागांमधून चालत जाऊन करार करणाऱ्यांचा उल्लेख आहे. हिब्रूत करार 'करतात' असे नव्हे, तर 'कापतात' असे म्हणतात. त्या वाक्प्रचारामागे हाच विधी असावा, असे अनेकांचे मत आहे. तह मोडणाऱ्या राजाला कोणत्या न्यायालयात खेचणार? शाप हीच त्या कराराची हमी होती.

एकदा उच्चारलेला शाप परत घेता येतो का? शास्ते या ग्रंथाच्या १७ व्या अध्यायातील प्रसंग पाहा. एका स्त्रीचे चांदीचे १,१०० तुकडे चोरीस जातात. ती चोराला शाप देते, तोही मुलगा मीखा याच्या कानावर पडेल असा. मुलगा कबूल करतो की, चांदी मीच घेतली. त्यावर आई त्याला रागावत नाही आणि 'मी शाप मागे घेते' असेही म्हणत नाही. ती तत्काळ देवाच्या नावाने त्याला आशीर्वाद देते. शब्द पुसता येत नाही. त्याच्यावर दुसरा शब्द ठेवावा लागतो, ही समजूत या कथेत स्पष्ट दिसते. गणना या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात तर शाप लिहून, तो पाण्यात धुऊन, संशयित पत्नीला ते पाणी पाजण्याचा विधी आहे.

शब्दाची ही धास्ती लेखनातही उतरली. ईयोबच्या आरंभी जेथे 'देवाला शाप देणे' हा अर्थ हवा आहे, तेथे हिब्रू पाठात 'आशीर्वाद देणे' याच अर्थाचे क्रियापद आढळते. आपल्याकडे बांगडी फुटली असे न म्हणता 'वाढवली' म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

स्वाध्याय : कोकणात व अन्यत्र शिलाहार-यादवकालीन गधेगळ आढळतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढवाचे शिल्प अशी त्यांची रचना असते. दान मोडणाऱ्यासाठीचा शाप अक्षर न ओळखणाऱ्यालाही त्या शिल्पातून कळे. तुमच्या परिसरात असा दगड असल्यास तो पाहून या. त्यावरील शापात क्रियापदाचे रूप कोणते आहे, शाप कोणाच्या नावाने दिला आहे आणि शिल्प नसते तर शब्द पुरेसे ठरले असते का, यावर दोनशे शब्दांत लिहा.