आर्ची बदलते, की तिच्या पायाखालची जमीन?

नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’चा (२०१६) उत्तरार्ध रेंगाळतो, तो जणू दुसराच सिनेमा आहे, अशी तक्रार होते. मला ती पटत नाही. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर बेधडक चालवणाऱ्या नायिकेच्या, आर्चीच्या धिटाईला पाटील बापाच्या सत्तेचं पाठबळ होतं. प्रियकर परश्यासोबत पळून गेल्यावर हैदराबादच्या झोपडपट्टीत ते सुटतं आणि त्या धिटाईची खरी परीक्षा सुरू होते. बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, डोशाच्या गाडीवर राबणारा परश्या, संशयावरून उडालेला खटका, हे सगळं सावकाशच घडायला हवं. माणूस काही एका गाण्यात बदलत नाही. माहेरची माणसं तर वर्षं उलटली तरी बदललेली नसतात. म्हणूनच शेवटी ती दोघांचा जीव घेतात, आवाज पूर्ण थांबतो आणि पडद्यावर उरतात रडत बाहेर निघालेल्या त्यांच्या लेकराची रक्ताळलेली पावलं.