अर्ध्या तिकिटाची वर्षं

माझी नात पाच वर्षांची झाली आणि रेल्वेच्या लेखी एकदम मोठी झाली. मे महिन्यात कोकणात जायचं ठरलं, मुलगा-सून मोबाइलवर तिकिटं बघायला बसले आणि हिशेब आला चार पूर्ण तिकिटांचा. नातीला वेगळा बर्थ हवा असेल तर मोठ्या माणसाइतकेच पैसे. अर्ध्या पैशांत न्यायचं तर बर्थ नाही, रात्रभर कुणाच्या तरी कुशीत. हा नियम 21 एप्रिल 2016 पासूनचा. त्याआधी पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्ध्या भाड्यात अख्खा बर्थ मिळत असे. माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार या एका बदलातून रेल्वेला सात वर्षांत सुमारे 2800 कोटी रुपये जादा मिळाले. ते पैसे विमानाने फिरणाऱ्यांच्या खिशातून आलेले नाहीत, एवढं नक्की. राहता राहिले मी. बायकांना 58 व्या वर्षापासून भाड्यात निम्मी सूट होती. ती मार्च 2020 मध्ये साथीच्या निमित्ताने थांबवली. साथ गेली, सूट काही परतली नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. सुट्टी म्हणजे आजोळ, तिथे आंबे आणि मामा. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही. मूल घेऊन, आपल्या पैशांनी, नात्याचं कुणी नसलेल्या गावी जायचं ही गोष्ट माझ्या पिढीच्या नोकरदारांनी सुरू केली, आणि त्याचं खरं दशक नव्वदचं.

माझा मुलगा 1990 चा. तो दोन-अडीच वर्षांचा झाल्यापासून आम्ही निघू लागलो ते एसटीच्या भरवशावर. महामंडळाने 1988 मध्ये ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा पास काढला होता. ठरावीक दिवसांचे पैसे एकदाच भरायचे आणि राज्यात कुठेही उतरायचं, कुठेही चढायचं. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पुढे अर्धा पास. बसायला जागा मिळेलच अशी हमी नसे, पण कडेवर मूल दिसलं की खिडकीजवळचं कुणीतरी सरकत असे. या पासाचा मोठेपणा आई झालेल्या बाईलाच कळेल. मुलाला ताप आला, बस लागली, किंवा त्याने एखाद्या गावात ‘इथेच राहू’ म्हणून बसकण मारली, तर राहता यायचं. काही बुडायचं नाही. आजच्या आगाऊ भरलेल्या, रद्द केल्यास परतावा नसलेल्या खोल्यांत लहान मुलाला आजारी पडायचीही परवानगी नाही.

अशाच हिंडण्यात दापोली, मुरुड, गुहागर, हरिहरेश्वर पाहिलं. दाभोळची खाडी होडीने ओलांडून धोपाव्याला उतरायचं. मोटारी नेणारी फेरीबोट तिथे 2003 मध्ये आली. ‘घरगुती राहण्या-जेवण्याची सोय’ अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली की आत जाऊन विचारायचं. घरातली बाई आधी पोराकडे बघायची. ‘तिखट नसेल ना चालत? मऊ भात टाकते त्याच्यापुरता.’ आणि निघताना हिशेब करताना, ‘पोराचे कसले पैसे, वहिनी!’ आता त्याच गावांत पाच वर्षांवरच्या मुलाची वेगळी गादी, वेगळं ताट, वेगळा दर. त्या घरांवर माझा राग नाही. त्यांनी कर्ज काढून वर मजला चढवलाय, खोलीत एसी नसेल तर शहरातलं गिऱ्हाईक पाठ फिरवतं. सरकारनेही हातभार लावला. हजार रुपयांखालच्या खोलीला जीएसटी माफ होता, तो जुलै 2022 मध्ये सरसकट बारा टक्के केला. सप्टेंबर 2025 मध्ये पाचवर आणला हे खरं, पण गरिबाच्या खोलीची माफी गेली ती गेलीच.

मग 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली. मुलगा आठ वर्षांचा, म्हणजे अर्ध्या तिकिटाच्या ऐन वयात. त्याचा स्वतःचा बर्थ, मधला, आणि त्या बर्थचा त्याला कोण तोरा! रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा येतो, तो संपेपर्यंत श्वास धरायचा त्याचा पण होता, जो साहजिकच मोडायचा. दादर-रत्नागिरी पॅसेंजर ही तर आमच्यासारख्यांची हक्काची गाडी. साथीनंतर ती दिव्याहून सुटू लागली. पोर, पिशव्या आणि म्हातारी माणसं घेऊन आधी लोकलने दिवा गाठायचं, मग पुढे. कोकणातली माणसं ती पुन्हा दादरहून सोडा म्हणून मागणी करत आली आहेत.

हे सगळं वाचून कुणी ‘किती साधे दिवस होते’ म्हणायला लागेल, म्हणून सांगते: साधे नव्हते. स्वस्त होते, कारण त्यांची किंमत माझ्यासारख्या बायका वेगळ्या चलनात भरत होत्या. निघण्याआधी दोन दिवस दशम्या, चिवडा, मेतकूट, लाडू. थर्मासात उकळलेलं पाणी, दुधाच्या पावडरीचा डबा, दुपट्यांचा ढीग, आणि मुक्कामाला पोचल्यावर ती दुपटी धुऊन परसातल्या दोरीवर. यजमान उतरल्या उतरल्या गावात पेपर मिळतो का ते बघायला जात. स्वस्त सहलीच्या गोड आठवणी सांगणाऱ्या पुरुषांना मी हल्ली एवढंच विचारते, की दशम्या कुणी लाटल्या होत्या?

आणखी एक जुना हिशेब. तेव्हा ऑफिसात, चाळीत, सासरी, सगळीकडे एकच ऐकायला मिळे: एवढ्याशा पोराला घेऊन कशाला हिंडता, त्याला काय आठवणार? म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे मुलं दहावी झाल्यावर त्यांना घेऊन निघाले आणि मुलांनी यायला नकार दिला. माझ्या मुलाला दाभोळची होडी आठवत नाही, मान्य. पण अनोळखी घरात जेवायला बसताना तो कधी बुजला नाही.

दोन हजारनंतरच्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दोन रात्री-तीन दिवसांची पॅकेजं आली, मग थायलंड आलं, मग कृषी पर्यटन. 2020 मध्ये राज्याने त्याचं धोरणही केलं. कल्पना चांगली, पण माणशी दर ऐकला की गाय लांबूनच बरी वाटते. रिसॉर्टांनी मुलांसाठी वेगळ्या खोल्या काढल्या, तिथे प्लास्टिकचे चेंडू आणि पडदे. समुद्र शंभर पावलांवर असताना मूल आत का कोंडायचं, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

रेल्वेकडे मागणं एकच आहे. आम्हा म्हाताऱ्यांचं हवं तर राहू द्या, पण पाच ते बाराच्या मुलाला अर्ध्या भाड्यात बर्थ परत द्या. सात-आठ वर्षांचं पोर रात्रभर मांडीवर मावत नाही, हे समजायला अभ्यासगट नेमावा लागू नये.

तोवर तरुण आईबापांनी एसटीची चौकशी करावी. तो पास अजून आहे, आता चार आणि सात दिवसांचा. मुलाला अर्ध्या दरात मिळतो आणि मुलाच्या नावावर 15 किलो सामानही नेता येतं. पास नको असेल तर साधं तिकीट काढा. 17 मार्च 2023 पासून बायकांना राज्यात एसटीचं भाडं निम्मं आहे. म्हणजे आजी, आई आणि पाच वर्षांची नात, तिघींना मिळून दीड तिकिटाचे पैसे पडतात.