बटणामागचे दोन सूर

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर असलेल्या शेतकऱ्यालाही गावाकडचा पंप मोबाइलवरून सुरू करता येतो. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांच्या अशाच ‘नॅनो गणेश’ यंत्रणेला २००९ मध्ये नोकियाचा पुरस्कार मिळाला.

पंपाच्या अनेक यंत्रणा आकडा ओळखतात तो दोन सुरांवरून. ‘५’ म्हणजे ७७० व १३३६ हर्ट्झ. मोबाइलमधील ध्वनिसंक्षेपण मानवी बोलण्यासाठी बेतलेले असल्याने त्यातून जाताना हे सूर बिघडू शकतात. म्हणून जीएसएम फोन केवळ बटणाचा संदेश पाठवितो. सूर नेटवर्क तयार करते. आपल्या कानी पडतो तो फोनने आपल्यापुरता वाजविलेला सूर.

तथापि पंपाजवळही मोबाइलच असेल, तर अखेरच्या टप्प्यात संक्षेपण येतेच. सूर अल्पकाळ टिकल्यास आकडा हुकतो आणि पीक तहानलेले राहते. त्यामुळे प्रत्येक बटण क्षणभर दाबून धरणे श्रेयस्कर.