रंग द्यावा की रंग राखावा?

पोळा झाला की विदर्भातल्या घराघरांत तान्ह्या पोळ्याची गडबड सुरू होते. माळ्यावर ठेवलेला लाकडी बैल खाली काढतात. वर्षभरात त्याचा रंग उडालेला असतो, शिंग ढिले झालेले असते, एखादे चाक निखळलेले असते. घरातले कोणी तरी शिंगाला खुंटी मारते, अंगाला रंगाचा नवा हात देते, आणि आजोबांच्या वेळचा बैल नातवाच्या हाती पुन्हा नवा होऊन येतो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

आता दुसरी गोष्ट ऐका. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात जुना वाडा आहे. गावाचे नाव मी सांगत नाही. त्याच्या दारावर कोरीव मोर होते आणि त्यांच्या पिसाऱ्यात जुना निळा-हिरवा रंग अजून टिकून होता. गावच्या उत्सवाआधी चार तरुण मंडळींनी वर्गणी काढली, बाजारातून चकचकीत तेलरंग आणला आणि एका दिवसात दार लालभडक करून टाकले. हेतू चांगला होता, मेहनतही खरी होती. पण दुसऱ्या वर्षी मी तिथे गेलो तेव्हा मोराचे एकही पीस ओळखू येईना. कोरीव रेघांत रंग भरून बसला होता. आता तो काढायचा म्हटले, तर खालचा जुना रंगही त्याच्याबरोबर निघून येतो.

मग प्रश्न असा की, बैलाला रंग दिला ते बरोबर आणि दाराला दिला ते चूक, हे कसे? दोन्ही वस्तू लाकडाच्या, दोन्ही जुन्या. यातला फरक आपण नीट समजून घेऊ. गावात शाळामास्तर, पाटील, सरपंच, मंदिराचे विश्वस्त यांच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एकदा चूक झाली की ती दुरुस्त करता येत नाही, हे यातले मुख्य.

प्रथम जरा दूरच्या मुलखात जाऊ. अमेरिकेत रानबदकांची आणि रानहंसांची शिकार करणारे लोक लाकडाचे फसवे पक्षी करतात. लाकडाचा हंस कोरायचा, हुबेहूब रंगवायचा, पोटाखाली वजन लावून तळ्यात तरंगत सोडायचा आणि आपण गवतात दबा धरून बसायचे. वरून जाणाऱ्या थव्याला वाटते, खाली आपलेच भाऊबंद निवांत चरताहेत, म्हणजे जागा निर्धोक आहे. थवा खाली उतरतो आणि फसतो. ही युक्ती फार जुनी आहे. नेवाडा प्रांतातल्या लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली लव्हाळ्यांचे विणलेले अकरा फसवे पक्षी सापडले. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

असा लाकडी पक्षी पाण्यात भिजतो, उन्हात तापतो, होडीत आपटतो. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी शिकारी त्याची डागडुजी करतो. फुगलेला, सुटलेला रंग खरडून काढायचा, लाकडाला गेलेल्या भेगा लांबीने बुजवायच्या, काचकागदाने घासून गुळगुळीत करायचे, अस्तराचा हात द्यायचा आणि मग वरचा रंग. त्यात एक पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे रंग चकाकणारा नको. खऱ्या पिसाला अशी झिलई नसते, आणि उन्हात लकाकणारा हंस दिसला की थवा बुजून दूर जातो. म्हणजे हा पक्षी आपल्या विळ्या-कोयत्यासारखे एक हत्यारच झाला. विळ्याला धार लावतात, तसा याला रंग लावतात.

पण पुढे काय झाले पाहा. एल्मर क्रोवेल नावाचा मॅसॅच्युसेट्सचा एक कारागीर असे पक्षी फार सुंदर करीत असे. त्याचे पक्षी लोकांनी तळ्यातून उचलून कपाटात ठेवले. २००७ साली त्याच्या दोन पक्ष्यांना प्रत्येकी दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. आता अशा पक्ष्याला कोणी नवा रंग दिला, तर त्याची किंमत वाढत नाही, उलट कोसळते. कारण लोकांना हवा आहे तो त्या कारागिराच्या कुंचल्याचा हात, आणि नवा रंग त्यालाच झाकून टाकतो. म्हणून असल्या वस्तू दुरुस्त करणारे जाणकार उलटे काम करतात. मागाहून कोणी थापलेला रंग ते भिंगाखाली, कणाकणाने उतरवितात आणि खालचा मूळ रंग उघडा करतात.

वस्तू तीच. जोवर ती कामाची होती तोवर रंग देणे हे शहाणपण होते. ती आठवणीची झाली, तिच्यात दुसऱ्या कोणाचा हात पाहावयाचा असे ठरले, की रंग राखणे हे शहाणपण झाले.

आता आपण घरी परत येऊ. छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, वाघोरा नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या सतराव्या लेण्यात एका हंसाची आणि शिकाऱ्याची गोष्ट रंगविलेली आहे. ही महाहंस जातकातली कथा. काशीच्या राणीला स्वप्नात सोन्याचा हंस धर्म सांगताना दिसला. तिच्या हट्टासाठी राजाने एक मोठे तळे खोदविले, त्यात चारा-पाण्याची रेलचेल केली आणि इथे पाखरांना अभय आहे अशी दवंडी पिटविली. म्हणजे त्या अमेरिकन शिकाऱ्याने लाकडाचा हंस केला, तर या राजाने अख्खे तळेच फसवे केले! पुढे सोनेरी हंसांचा राजा तिथे उतरला आणि त्याचा पाय फासात अडकला. तरी तो ओरडला नाही. आपण ओरडलो तर सोबतचे हंस उपाशीपोटी घाबरून उडतील, म्हणून त्यांचे खाणे होईपर्यंत तो दुःख सोसत राहिला. मग इशारा मिळताच थवा उडाला, पण त्याचा सेनापती सुमुख मात्र मागे राहिला. शिकारी पाहतो तो एक हंस बांधलेला आणि दुसरा मोकळा असून तिथेच बसलेला. ही निष्ठा पाहून शिकाऱ्याचे मन पालटले. त्याने फास सोडला, जखम धुतली आणि दोघांना मानाने राजापुढे नेले.

दुसऱ्या लेण्यात हंसांची एक रांगच आहे. तेवीस हंस आणि प्रत्येकाची ढब निराळी. कोणी मान वळविलेली, कोणी चोच पिसांत खुपसलेली. ज्याने हे काढले त्याने हंस जवळून पाहिलेले असले पाहिजेत. आजही हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब नावाचे रानहंस आपल्याकडे येतात. पैठणजवळच्या नाथसागरावर नजर ठेवलीत, तर पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पाहुणा तुम्हांलाही दिसेल. त्याला फसवून मारणे आता गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

अजिंठ्याचे हे हंस पंधराशे वर्षांचे आहेत. ते कशावर काढले आहेत, हे समजले म्हणजे ते जपणे किती अवघड आहे हे कळेल. कातळाच्या खडबडीत भिंतीवर आधी मातीचा गिलावा दिलेला आहे. त्या मातीत भाताचे तूस, गवताचे तंतू, बारीक खडी आणि वाळू मिसळलेली. त्यावर चुन्याचा पातळ थर. तो वाळल्यावर डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट पदार्थात कालविलेले रंग. तांबडा आणि पिवळा गेरूच्या जातीच्या मातीचा, हिरवा एका हिरव्या खनिजाचा, काळा काजळीचा, आणि निळा मात्र राजावर्त नावाच्या दगडाचा, तो थेट अफगाणिस्तानाकडून आलेला. सांगायचे इतकेच की रंग भिंतीत मुरलेला नाही, वर चिकटलेला आहे. ओल्या फडक्याने पुसला तर फडक्याबरोबर निघून येईल.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता ही लेणी त्याच्या नजरेस पडली. त्याने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपले नाव कोरले. पहिली इजा तिथेच झाली म्हणा ना. पुढे नकला करणारे आले. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून इथे काम करीत होते. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ च्या आगीत गेल्या. नकल करताना रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांनी मूळ चित्रांवर व्हार्निश चढविले, ते मात्र भिंतीवर राहिले.

त्यानंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलाविले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा पुन्हा चिकटविला आणि तुटलेल्या कडा भरल्या. त्यांनी हे केले नसते, तर पुष्कळ चित्रे खाली पडून त्यांची माती झाली असती. हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्यांनीही रक्षणासाठी म्हणून चित्रांवर लाखेचे रोगण दिले. प्रथम चित्र झळाळून उठले. मग वर्षे गेली तसे रोगण पिवळे पडले, काळवंडले, त्यावर धूळ-काजळी बसली, आणि आक्रसताना ते खालचा रंगही ओढू लागले. १९५३ पासून ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, आणि तेव्हापासून रसायनतज्ज्ञांचे एक मोठे काम हेच की, मागल्यांनी प्रेमाने लावलेले रोगण चित्राला धक्का न लावता उतरवायचे. १९९९ पासून राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली नवव्या आणि दहाव्या लेण्यांत असे काम झाले, आणि काळ्या थराखालून दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे पुन्हा दिसू लागले.

हे काम करताना एक नियम कटाक्षाने पाळतात. हंसाची मान जिथे गळून गेली आहे तिथे नवी मान रंगवायची नाही. गेलेल्या जागी साधा गिलावा भरायचा, म्हणजे शेजारचा रंग आणखी सुटणार नाही. नवी मान कितीही सुरेख काढली, तरी ती आपली असेल, त्या जुन्या चित्रकाराची नव्हे. आणि पाहणारा फसेल. तो मग फसवा हंसच झाला की!

शेतकरी बांधवांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. अजिंठ्याच्या गिलाव्यातले तूस आणि गवत किड्यांनी खाल्ले. निदान चौथा हिस्सा चित्रे किड्यांनी बिघडविली असा अंदाज आहे. वेरूळच्या गिलाव्याला मात्र असा उपद्रव दिसत नाही. राजदेव सिंह आणि इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी शोध केला, तेव्हा वेरूळच्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. २०१६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. जुन्या गवंड्याला कोणते झाड किडीला आवडत नाही हे ठाऊक होते. वरून नुसता रंग मारणाऱ्याला हे ज्ञान कधीच दिसले नसते.

तर आता आपल्या गावात काय करावे? जुनी रंगीत वस्तू समोर आली की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू अजून रोजच्या कामाची आहे का? तिच्यावर कोणा जुन्या कारागिराचा असा हात आहे का, जो पुन्हा मिळणार नाही? आणि आज मी जे करीन ते उद्या कोणाला काढता येईल का? बैलगाडी, पाळणा, खेळण्यातला बैल यांना खुशाल रंग द्या. देवळातली जुनी भित्तिचित्रे, वाड्याची कोरीव दारे, रंगीत तक्तपोशी यांच्यापुढे मात्र हात आवरा.

हात आवरायचा म्हणजे स्वस्थ बसायचे असे नव्हे. पहिली गोष्ट, छपराची गळती थांबवा. चित्राचा खरा वैरी पाणी. दुसरी, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तिसरी, धूपदीप आणि विजेच्या तारा चित्रापासून दूर न्या, खिळे ठोकू नका. चौथी, साबण, सोडा, तेल, व्हार्निश, चुना यांतले काहीही लावू नका. पोपडे सुटत असतील तर धूळसुद्धा झटकू नका. आणि पाचवी, जाणकाराला विचारा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय संभाजीनगरातच आहे, आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयही आहे. एक अर्ज लिहायला पोस्टाच्या तिकिटापलीकडे खर्च येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. मुलांकडून दोन याद्या करवून घ्या. एक, गावातल्या रंग देण्याजोग्या वस्तूंची, आणि दुसरी, रंग राखण्याजोग्या वस्तूंची. पहिल्या यादीतला एखादा मोडका लाकडी बैल शाळेत आणा, मुलांच्या हातून घासून, भेगा बुजवून, रंगवून घ्या. त्यांना हाताचे काम येईल. दुसऱ्या यादीतल्या वस्तूपुढे त्यांना नुसते बसवा आणि पाहून वहीत चित्र काढू द्या. त्यांना डोळ्याचे काम येईल. पुढे सहलीला अजिंठ्यास गेलात म्हणजे ती मुले भिंतीला हात लावणार नाहीत, आणि कोणी लावू लागला तर त्याला अडवतीलही.

आणि तो लाल रंगाचा दरवाजा? त्या तरुणांपैकी एक जण मला परवा भेटला. म्हणाला, "गुरुजी, गावात दुसरा एक वाडा आहे, त्याच्या तक्तपोशीवर चित्रं आहेत. या वेळी आधी विचारायला आलोय." आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला, आणि तोवर छपरावर ताडपत्री टाकून घेतली.