जुन्या पिकअप वाहनांची ब्रेक-सुधारणा

जुन्या पिकअप वाहनांची ब्रेक-सुधारणा म्हणजे अनेक दशकांपूर्वी बनलेल्या, मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू वाहनांच्या मूळ ब्रेकव्यवस्थेत आजच्या रहदारीला साजेसे बदल करणे होय. अशा वाहनांच्या चारही चाकांना सहसा ड्रम ब्रेक असतात आणि ब्रेक ऑइलचा मार्ग एकच असतो. त्यामुळे कोठेही गळती झाल्यास पायाचा ब्रेक पूर्णपणे निकामी होऊ शकतो. सुधारणेत मुख्यतः द्विमार्गी मास्टर सिलिंडर, पुढील चाकांना डिस्क ब्रेक, व्हॅक्यूम बूस्टर आणि दाब-नियंत्रक झडप यांचा समावेश होतो. या लेखात महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याच्या, विशेषतः पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या परिस्थितीच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

मोटारींत द्रवदाबावर चालणारे ब्रेक १९२० च्या दशकात वापरात आले. डिस्क ब्रेकचे एकस्व इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतले होते. तथापि १९५३ च्या ल माँ शर्यतीत जॅग्वार मोटारींनी डिस्क ब्रेकच्या साहाय्याने विजय मिळविल्यानंतर त्यांचा प्रसार वेगाने झाला. मालवाहू वाहनांत मात्र ड्रम ब्रेक पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले.

मुंबई व परिसरात दुसऱ्या महायुद्धानंतर हलकी मालवाहू वाहने जोडण्यास आरंभ झाला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने विलीज जीपची जोडणी व पुढे निर्मिती केली. जीपच्याच यंत्रभागांवर आधारलेली पिकअप आणि 'फॉरवर्ड कंट्रोल' प्रकारची छोटी मालवाहू वाहनेही तिने बनविली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे डॉज व फार्गो ट्रकची जोडणी केली. आज जुन्या पिकअप म्हणून जतन केल्या जाणाऱ्या वाहनांत जीप कुळातील वाहनांचे प्रमाण मोठे आहे. त्यांचे सुटे भाग मिळणे तुलनेने सोपे असल्याने सुधारणाही याच वाहनांत अधिक आढळतात.

मूळ ब्रेकव्यवस्था

विलीज जीपच्या चाकांना सुमारे २२९ मि.मी. (९ इंच) व्यासाचे ड्रम होते. ब्रेकचा पाय दाबल्यावर तळाशी, चालकाच्या पायाखाली बसविलेल्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून चारही व्हील सिलिंडरांपर्यंत पोहोचतो आणि ब्रेक शू बाहेरच्या बाजूस सरकून फिरत्या ड्रमवर घासतात. शूवरील लायनर व ड्रम यांच्या घर्षणाने वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ड्रमच्या फिरण्याने पुढील शू आपोआप अधिक घट्ट बसतो, म्हणून बूस्टर नसतानाही असे ब्रेक काम देतात.

या वाहनांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील दांड्यावर असतो. तो वाहन उभे ठेवण्यासाठी आहे. धावते वाहन वारंवार थांबविण्यासाठी तो बनविलेला नाही. मागचा प्रोपेलर शाफ्ट तुटल्यास त्याचा उपयोग राहत नाही. एकमार्गी पायब्रेक निकामी झाल्यानंतर चालकाकडे उरणारे साधन इतके मर्यादित असते.

सुधारणेची गरज

ब्रेकवर पडणारा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० कि.मी. वेगाच्या तुलनेत ताशी ८० कि.मी. वेगाला गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, तर चौपट असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या संथ रस्त्यांसाठी बनलेले वाहन मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आजच्या वाहनांसोबत चालविताना हा फरक निर्णायक ठरतो.

उतारावर ही समस्या आणखी तीव्र होते. मालासह २,००० किलोग्रॅम वजनाचे वाहन ताशी ६० कि.मी. वेगावरून थांबविताना सुमारे २७८ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. तेच वाहन १०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे १,९६० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. इंजिनाचा व इतर रोध वगळल्यास ही ऊर्जा अशा सात पूर्ण थांब्यांइतकी आहे. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरचे घर्षण घटते आणि ब्रेकचा पाय खोल जाऊ लागतो. यास ब्रेक मंदावणे असे म्हणतात. डिस्क उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर थंड होते आणि तापल्यावर तिची जाडी पॅडच्या दिशेने वाढते. म्हणून तिच्यात हा दोष कमी प्रमाणात आढळतो.

थंड अवस्थेतील चांगले ड्रम ब्रेक चाके जाम करू शकतात. तेथून पुढे थांबण्याचे अंतर टायरच्या पकडीवर ठरते. त्यामुळे डिस्क बसविल्याने एकदाच थांबण्याचे अंतर फारसे घटेलच असे नाही. डिस्कचा खरा लाभ वारंवार लागणाऱ्या ब्रेकमध्ये, लांब उतारावर आणि ओल्या रस्त्यावर मिळतो.

स्थानिक परिस्थिती

पालघर, बोईसर व तारापूर हा भाग किनारपट्टीच्या सखल पट्ट्यात आहे, तर राष्ट्रीय महामार्ग डोंगररांगेच्या पूर्वेकडून जातो. पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबा खिंडीतून जातो. बोईसरहून येणारा रस्ता चिल्हार फाट्याजवळ महामार्गास मिळतो. जव्हार व मोखाडा हे तालुके त्याहून उंचावर असून तेथून किनाऱ्याकडे येणाऱ्या मालवाहू वाहनांना लांब उतार पार करावे लागतात.

किनाऱ्यालगतची खारी हवा लोखंडी ब्रेक नळ्यांना गंज चढविते. सातपाटीसारख्या बंदरांतून मासळी नेणाऱ्या वाहनांत बर्फाचे खारट पाणी हौद्यातून थेट चासीवर व नळ्यांवर गळते. गंज प्रथम नळीच्या क्लिपखाली किंवा चासीला टेकलेल्या बाजूस वाढत असल्याने तो वरून दिसत नाही. जोराने ब्रेक दाबल्यावर नेमकी अशीच नळी फुटते. तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या या गंजाला अधिक काळ तोंड देतात.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून वाहन गेल्यास ड्रममध्ये पाणी शिरते आणि काही काळ ब्रेक लागत नाहीत. अशा वेळी कमी वेगात ब्रेक हलकेच दाबून लायनर कोरडे केले जातात. सर्वसाधारण ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ प्रकारासाठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ अंश आहेत. तापलेल्या ब्रेकजवळ ऑइल उकळले की नळीत वाफ तयार होते. वाफ दाबली जात असल्याने पाय तळाला टेकतो, पण ब्रेक लागत नाहीत. दमट किनारी हवामानात ठरावीक काळाने ऑइल बदलणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

सुधारणेचे टप्पे

मूळ व्यवस्थेची दुरुस्ती: कोणताही नवा भाग बसविण्यापूर्वी नळ्या, रबरी होज, व्हील सिलिंडर व ड्रम तपासले जातात. ड्रम गोल नसेल तर तो लेथवर घासून घेतात. मात्र निर्मात्याने ठरविलेल्या कमाल व्यासापलीकडे घासलेला ड्रम बदलावा लागतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर आजार व कर्करोग संभवतो. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम साफ करण्याची गॅरेजमधील जुनी सवय घातक आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसून बंद पिशवीत टाकणे योग्य ठरते.

द्विमार्गी मास्टर सिलिंडर: यात एकाच नळकांड्यात दोन दट्टे असून पुढील व मागील चाकांचे ऑइल स्वतंत्र असते. एक मार्ग फुटला तरी दुसऱ्या मार्गावरील चाकांना ब्रेक लागतो. सुरक्षेच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा बदल आहे आणि तो ड्रम ब्रेक कायम ठेवूनही करता येतो.

पुढील डिस्क ब्रेक: ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढे झुकतो, म्हणून डिस्क प्रथम पुढील चाकांना बसवितात. जीप कुळातील वाहनांत कंपनीच्या नंतरच्या मॉडेलांचे हब, डिस्क व कॅलिपर वापरण्याची पद्धत आहे. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट हा भाग सर्वांत नाजूक असतो. ब्रेकची सर्व ताकद त्याच्या बोल्टांवर येत असल्याने अंदाजाने कापून वेल्डिंग केलेला ब्रॅकेट धोकादायक असतो. चाकाची रिम व कॅलिपर यांत पुरेशी मोकळीक आहे का, हेही पूर्ण वळणावर तपासावे लागते.

मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असल्यास ऑइल मागे वाहून येते आणि पहिल्या दाबाला पाय खोल जातो. त्यासाठी डिस्कच्या मार्गात अल्प दाब राखणारी झडप बसवितात. ड्रमसाठीची अधिक दाब राखणारी झडप चुकून डिस्कच्या मार्गात राहिल्यास पॅड सतत घासून तापतात.

बूस्टर: डिस्क ब्रेकमध्ये ड्रमसारखी आपोआप घट्ट बसण्याची क्रिया नसल्याने अधिक दाब लागतो. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात बूस्टरला पुरतो. भारतात अनेक जुन्या जीपमध्ये पुढे डिझेल इंजिने बसविली गेली. डिझेल इंजिनात असा पुरेसा निर्वात तयार होत नाही. त्यामुळे स्वतंत्र व्हॅक्यूम पंप आवश्यक असतो. इंजिन बंद पडल्यावर साठलेला निर्वात दोन-तीन दाबांत संपतो. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे यामुळे दुहेरी धोक्याचे ठरते.

भागांचा परस्पर मेळ

ब्रेकचा एखादा भाग मोठा केल्याने ब्रेक चांगले होतीलच असे नाही. उदाहरणार्थ, पायाचा ३०० न्यूटन जोर पेडलच्या ६:१ गुणोत्तरामुळे मास्टर सिलिंडरवर १,८०० न्यूटन होतो. सिलिंडरचा व्यास २५ मि.मी. असल्यास दाब सुमारे ३.७ मेगापास्कल येतो. व्यास २२ मि.मी. केल्यास तो सुमारे ४.७ मेगापास्कल, म्हणजे २९ टक्के अधिक होतो. मात्र तितकेच ऑइल ढकलण्यासाठी पायालाही त्याच प्रमाणात अधिक अंतर जावे लागते. अधिक ऑइल लागणाऱ्या मोठ्या कॅलिपरसोबत लहान सिलिंडर बसविल्यास ब्रेक पुरते लागण्याआधीच पाय तळाला टेकू शकतो.

पिकअपमध्ये पुढील व मागील ब्रेकचा समतोल विशेष अवघड असतो. हौदा भरलेला असताना मागील चाकांवर मोठा भार असतो. रिकाम्या हौद्यात तो बराच घटतो. रिकाम्या गाडीची मागील चाके आधी जाम झाली, तर ओल्या रस्त्यावर मागचा भाग फिरून वाहन आडवे होते. म्हणून मागील मार्गात दाब-नियंत्रक झडप बसवितात. मागील चाकांवरील भारानुसार दाब बदलणारी झडप अधिक उपयुक्त असते. तपासणी रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत, मोकळ्या जागी आणि कमी वेगापासून सुरू करून केली जाते.

काम पूर्ण झाल्यावर नळ्यांतील हवा काढली जाते. उजव्या बाजूस चालक असलेल्या वाहनात सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागील डाव्या चाकापासून सुरुवात करून शेवटी पुढील उजव्या चाकाशी येतात.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात मूळ तपशील बदलण्यावरील ही मर्यादा अधोरेखित केली. त्यामुळे ब्रेकमधील बदलांपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे हिताचे असते. पालघर जिल्ह्यातील वाहनांसाठी एमएच-४८ हा नोंदणी संकेत आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, बिगर-व्यावसायिक वापरातील दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. वाहन मूळ रूपात जतन केलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. अशा वाहनांच्या क्रमांकात राज्यसंकेतानंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. ती प्रदर्शने, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल व इंधन भरणे अशा मर्यादित कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात. मासळी, चिकू किंवा अन्य माल भाड्याने वाहणारी पिकअप कितीही जुनी असली, तरी ती या वर्गात येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या तपासणीत ब्रेकचाही समावेश असतो.

मूळ स्वरूप आणि सुरक्षितता

जुन्या वाहनांच्या जतनात मूळ स्वरूप टिकविणे व सुरक्षितता यांत ताण निर्माण होतो. द्विमार्गी मास्टर सिलिंडर, नव्या नळ्या व ॲस्बेस्टॉसविरहित लायनर या बदलांनी बाह्यरूप बदलत नाही आणि जुने भाग जपून ठेवल्यास ते पुन्हा बसविता येतात. डिस्क ब्रेकसाठी ॲक्सलवर कापकाम किंवा वेल्डिंग करावे लागल्यास मात्र बदल कायमस्वरूपी होतो. म्हणून केवळ प्रदर्शनासाठी सपाट रस्त्यावर थोडे अंतर चालणाऱ्या वाहनाला पहिले दोन टप्पे बहुधा पुरेसे होतात. भरलेल्या हौद्यासह नियमितपणे खिंड उतरणाऱ्या वाहनाला पुढील टप्प्यांची गरज भासते. कोणत्याही वाहनात उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनाचा रोध वापरणे आवश्यकच असते. सुधारित ब्रेक त्याला पर्याय ठरत नाहीत.

हे सुद्धा पहा

ड्रम ब्रेक
डिस्क ब्रेक
पास्कलचा नियम
पालघर जिल्हा
मोटार वाहन अधिनियम, १९८८