फवारणीची विषबाधा : दवाखान्यातले तीन शब्द

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तेव्हा दवाखान्यात कानी पडलेले हे शब्द.

ऑर्गनोफॉस्फेट : प्रोफेनोफॉससारख्या कीटकनाशकांचा गट. नसांना आवर घालणारे अंगातील द्रव्यच तो निकामी करतो. मग लाळ-घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, दम कोंडतो.

अॅट्रोपिन : यावरील इंजेक्शन. छातीची घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. ‘किती सुया टोचता?’ म्हणून डॉक्टरांवर चिडू नये.

व्हेंटिलेटर : श्वास देणारे यंत्र. ते लावले म्हणजे माणूस गेलाच, ही समजूत साफ खोटी! श्वासाचे स्नायू सावरेपर्यंतचा तो आधार होय.

भिजलेले कपडे लगेच उतरवा, अंग साबणाने धुवा. औषधाचा डबा सोबत न्याच; त्यावर उतारा छापलेला असतो.