चार बागा, एक पाणी

मुंबईहून निघालेली पुष्पक एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी लखनौ जंक्शनला पोचते. त्याला लागूनच चारबागचे विशाल स्थानक आहे. घुमट, छत्र्या आणि कमानी यांनी नटलेली त्याची लाल-पांढरी वास्तू पाहून प्रथमच आलेला प्रवासी क्षणभर थबकतो. चारबाग हे नाव उद्यानरचनेतील आहे. फारसी परंपरेत चारबाग म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार चौकांत विभागलेली बाग. प्रत्येक चौकातील झाडे निराळी, फुले निराळी. परंतु पाट मध्यभागी एकत्र येतात आणि चारही चौकांना पाणी मिळते ते एकच. म्हणूनच त्या चार तुकड्यांना एक बाग म्हणतात.

उन्हाळा संपता संपता उन्नाव, हरदोई, रायबरेली अशा गावांकडून येणाऱ्या गाड्यांतून याच स्थानकावर गुणपत्रिका घेतलेले विद्यार्थी उतरतात. कोणी स्थानकाजवळच्या श्री जयनारायण मिश्र महाविद्यालयाची वाट धरतो, तर कोणी गोमती ओलांडून बादशाहबागेतील लखनौ विद्यापीठाकडे जातो. पूर्वी त्यांच्यापुढे प्रश्न असे तो कला, विज्ञान की वाणिज्य, एवढाच. शाखा ठरली की विषयांच्या ठराविक जोड्या समोर येत आणि त्यांतली एक पत्करावी लागे. आता कुंपणे पुष्कळशी मोडली आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर लखनौ विद्यापीठाने 2021 पासून पदवीचा नवा आराखडा स्वीकारला. त्यात एका विद्याशाखेचे प्रमुख विषय घेतानाच दुसऱ्या शाखेतील विषय घेण्याची वाट खुली झाली. महाराष्ट्रातही 2023 पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि 2024 पासून संलग्न महाविद्यालयांत हीच दिशा धरण्यात आली. तेव्हा हा प्रश्न आता लखनौचा जितका, तितकाच लातूरचा आणि चंद्रपूरचाही आहे.

स्वातंत्र्य मिळाले की निवडीचा भारही येतो. तो पेलण्यासाठी प्रथम पदवीची घडण समजून घ्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात अभ्यासाचे माप श्रेयांकांनी मोजले आहे. व्याख्यानाचे 15 तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला त्यासाठी 30 तास द्यावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात. त्यांपैकी 60 प्रधान विषयाचे आणि 24 गौण विषयाचे. उरलेले भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण, अन्य शाखांची ओळख आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांत वाटलेले आहेत. चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास 160 श्रेयांकांची ऑनर्स पदवी मिळते. निरनिराळ्या राज्यांनी व विद्यापीठांनी या आकड्यांत थोडाफार फरक केला आहे. सांगाडा मात्र हाच आहे.

या आकड्यांतच निवडीचे पहिले सूत्र दडलेले आहे. एकूण अभ्यासाचा निम्मा भाग एका विषयाला दिलेला आहे. याचा अर्थ असा की, लवचीक पदवी म्हणजे थोडे हे आणि थोडे ते, अशी विषयांची भेळ नव्हे. एका विषयात खोल मूळ रुजावे आणि त्या मुळाला दुसऱ्या विषयाचे पाणी मिळावे, अशी ही योजना आहे. गौण विषय हा केवळ नावाचा गौण. 24 श्रेयांक म्हणजे व्याख्यानांचे 360 तास. एवढा काळ ज्या विषयाच्या सहवासात घालवायचा, तो केवळ सोपा आहे, गुण बरे पडतात किंवा शेजारच्या मित्राने घेतला आहे, एवढ्याच कारणाने निवडणे म्हणजे ते 360 तास वाऱ्यावर सोडणे होय.

मग जोड जुळवायची कोणत्या कसोटीवर? लखनौच्या विद्येतिहासात याचे उत्तर सापडते. बिरबल साहनी हे या विद्यापीठाचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. दगडांत जतन झालेल्या प्राचीन वनस्पती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये सापडणारे वनस्पतींचे अवशेष त्यांनी तपासले आणि हा पाषाण नेमका कोणत्या युगात घडला, या भूशास्त्रातील वादात वनस्पतींची साक्ष उभी केली. सह्याद्रीचे कडे ज्या खडकाचे, त्याच खडकाच्या वयाचा हा प्रश्न! केवळ पाने-फुले जाणणाऱ्यास तो पडला नसता, आणि केवळ खडक जाणणाऱ्यास ती साक्ष वाचता आली नसती. 1943 मध्ये विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुराही साहनींनीच वाहिली. त्यांनी स्थापन केलेली संशोधनसंस्था आजही लखनौत काम करीत आहे.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, साहनी प्रथम वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रश्न एका विषयाने विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी दुसऱ्याचे साहाय्य घेतले, असे ते नाते होते. जोड विषयाची कसोटी हीच: प्रधान विषय जेथे अडतो, तेथे जोड विषयाने हात द्यावा. अर्थशास्त्राला संख्याशास्त्र असा हात देते, भौतिकीला गणित देते, भूगोलाला इतिहास देतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला भाषा कशी उपयोगी पडते, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. सेतुमाधवराव पगडी फारसी जाणत होते, म्हणूनच मोगलांच्या बाजूची कागदपत्रे मराठ्यांच्या इतिहासाशी बोलू लागली. लखनौत फारसी शिकण्याची सोय आजही आहे. इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने ती जोड घेतली, तर ती हौस ठरणार नाही. त्याच्या हाती ती एक किल्ली असेल.

अशीही एक जोड असते, जिचा उपयोग आधी दिसत नाही. विष्णु नारायण भातखंडे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि कायद्याचे पदवीधर. संगीत ते विद्यापीठाबाहेर शिकले, कारण त्या काळी विद्यापीठात संगीताला आसनच नव्हते. पुढे वकिली मागे पडली आणि जुने संस्कृत ग्रंथ व उस्तादांचे प्रत्यक्ष गायन यांची पडताळणी हे त्यांचे जीवितकार्य ठरले. एखादा विधिज्ञ साक्षी-पुरावे तपासतो, तशीच ही चिकित्सा भासते. 1926 मध्ये याच लखनौत त्यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय उभे राहिले. आज ते त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. भातखंड्यांना जी सांगड स्वतःच्या आयुष्यात घालावी लागली, ती आज महाविद्यालयात सोय असेल तर विद्यार्थ्याला पदवीच्या चौकटीतच घालता येते. म्हणून एखादा विषय केवळ अंतःकरणाच्या ओढीने घ्यावयास हरकत नाही; मात्र अशी ओढ खरी असावी आणि शक्यतो एकच असावी.

ध्येय कितीही उंच असले तरी व्यवहाराकडे पाठ फिरवून चालत नाही. आराखड्यात असलेला प्रत्येक विषय प्रत्येक महाविद्यालयात असतोच असे नाही. दोन विषय असले तरी त्यांच्या तासिका एकाच वेळी असू शकतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे आणि शिक्षक आहेत की नाहीत याची चौकशी करावी. त्याहून महत्त्वाचे, पुढच्या दाराकडे आधीच पाहून ठेवावे. पदव्युत्तर प्रवेशाला किंवा अध्यापनाच्या अभ्यासक्रमाला कोणता विषय किती वर्षे शिकलेला असावा लागतो, हे नियम संस्थेगणिक निराळे असतात. पहिल्या वर्षी सहज सोडून दिलेले गणित चौथ्या वर्षी बंद दार होऊन समोर उभे राहते.

दुसरी सावधगिरी मधल्या थांब्यांची. आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी उन्हाळ्यात व्यवसायाभिमुख अभ्यासाचे चार श्रेयांक जोडावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करता येते. घरावर संकट कोसळलेल्या मुलीला किंवा मुलाला हा मोठाच आधार आहे. पूर्वी अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची नोंदच उरत नसे. परंतु थांबा हा मुक्काम नव्हे. ज्याच्यावर मध्येच उतरण्याची पाळी येण्याचा संभव आहे, त्याने कौशल्याचा विषय पहिल्या दोन वर्षांतच असा निवडावा की तो पोटाला आधार देईल आणि परतण्याची वाटही मोकळी ठेवील.

चारबागेवर उतरणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या हातात अर्ज आहे आणि अर्जात रिकाम्या चौकटी आहेत. त्या भरण्याआधी त्याने स्वतःला एवढेच विचारावे: आपल्याला कोणता प्रश्न खरोखर जाणून घ्यावयाचा आहे? त्या प्रश्नाचे पाणी ज्या चौकापर्यंत पोचते, तो चौक आपला. चार विषय चार दिशांना असले तरी चिंता नाही. पाट मात्र मध्यभागी येऊन मिळाले पाहिजेत.